रोजकीर्द आणि खतावणी : खऱ्या जगात घडणाऱ्या रोलप्लेइंग खेळाची टिपणं कशी ठेवावीत

सातव्या सेशनला, म्हणजे खेळाच्या सातव्या बैठकीला, माझी फजिती झाली. मी खेळवत असलेला आमचा खेळ १९०९ सालच्या नाशकात चालला होता. छापखान्यातल्या कंपॉझिटरची भूमिका करणाऱ्या खेळाडूने विचारलं, "स्टेशनावर पाकीट देणाऱ्या त्या ट्रामवाल्याला आमचा पत्ता सांगितला कुणी?" मी वही चाळू लागले. दोनशे पानी वही, त्यातली एकशे चाळीस पानं भरलेली, सगळं तारीखवार आणि सुवाच्य. दहा मिनिटं शोधूनही उत्तर सापडलं नाही, कारण ते वहीत नव्हतंच. पत्ता त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होता. ट्रामवाल्याच्या कानावर तो जाईल अशी कुठलीच वाट मी खेळात ठेवली नव्हती. खेळाडूंनी मात्र आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे असं धरलं आणि पुढचे दोन रविवार एकमेकांवर पाळत ठेवण्यात घालवले.

माझे काका मेन रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात बत्तीस वर्षं दिवाणजी होते. गंमत म्हणून त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चार पानं उलटली आणि म्हणाले, "अगं, ही नुसती रोजकीर्द झाली. खतावणी कुठाय?"

रोजकीर्द म्हणजे तारीखवार नोंदींची वही, आणि खतावणी म्हणजे त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडलेली वही. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका प्रश्नातून निघालं आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर असतो, तो प्रसंग सांगतो आणि बाकीच्या सगळ्या माणसांची तोंडं तोच होतो. उरलेले खेळाडू एकेका पात्राचं काम करतात, आणि जिथे यश-अपयश ठरवायचं तिथे फासे पडतात. एक गोष्ट महिनोन् महिने चालली की तिला कॅम्पेन म्हणतात. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हापासून या खेळाचं नाव काढलं की लोकांना राक्षस आणि जादूगारच आठवतात. पण गुन्हेतपास, हेरगिरी, इतिहास, अंतराळ असे दुसऱ्या वाटांचे खेळही जवळजवळ तितकेच जुने आहेत.

टिपणांच्या बाबतीत या दोन वाटांत मोठा फरक आहे. जादूच्या जगात राजधानीपासून जंगलापर्यंत किती दिवस लागतात हे गेम मास्टर सांगेल तेच खरं. आमच्या खेळात समोरचा माणूस फोन काढून बघतो आणि म्हणतो, "लासलगाव इथून साठ किलोमीटर आहे, वीस मिनिटांत कसा पोचला?" जग आयतं मिळतं, पण तुमची चूकही तितक्याच आयती पकडली जाते. म्हणून जग लिहीत बसू नका. गोदावरी कुठून वाहते हे वहीत उतरवून घ्यायची गरज नाही, ती वाहतेच आहे. कुणाला काय कळलं, कधी कळलं आणि कुणाकडून कळलं, तेवढं लिहा. फँटसी खेळवणारे मित्र म्हणतात, हे आम्हालाही लागतं. लागत असेल. पण त्यांच्याकडे 'जादूने कळलं' ही पळवाट असते.

पहिलं काम : तीन शाया

कॅम्पेन सुरू करण्याआधी तीन पेनं घ्या. मी काळं, निळं आणि शिसपेन्सिल वापरते.

काळ्या शाईत जगात खरोखर असलेलं आणि मी स्वतः पडताळलेलं. उदाहरणार्थ : २१ डिसेंबर १९०९, मंगळवार. विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग. कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. किंवा : १९ एप्रिल १९१०, कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी. हे खिळे आहेत, ते हलत नाहीत.

निळ्या शाईत आम्ही रचलेलं : कंपॉझिटरचा छापखाना, मास्तरांची खोली, ट्रामवाला सदू.

पेन्सिलीत अजून न ठरलेलं. पाकिटात काय आहे? फितूर कोण? पेन्सिलीचं निळं कधी होतं याचा नियम एकच : टेबलावर मोठ्याने बोललं गेलं की ते निळं. तोवर ते माझ्या मनातलं आहे आणि मनातलं बदलायची मला मुभा आहे. मी पूर्वी सगळंच एका शाईत लिहायचे. मग तीन महिन्यांनी आपण हे खेळाडूंना सांगितलं होतं की नुसतं ठरवलं होतं, हेच आठवेना.

निळं काळ्याशी भिडलं तर? खेळाआधी लक्षात आलं तर निळं खोडा. खेळून झाल्यावर लक्षात आलं तर निळंच ठेवा आणि समासात 'आमच्या नाशकात असं' एवढं लिहून पुढे जा. झालेला रविवार परत खेळता येत नाही.

याच पानावर मर्यादाही लिहा. आमच्यात पहिल्याच दिवशी ठरलं की कान्हेऱ्यांसाठी कुणी फासे टाकणार नाही आणि खऱ्या माणसांच्या तोंडी नवी वाक्यं घालायची नाहीत. आमची पात्रं त्या गावात राहणारी साधी माणसं. ती घटना त्यांच्या अंगावरून जाते. आजच्या काळातला खेळ असेल तर जिवंत माणसाला, चालू दुकानाला किंवा खऱ्या ठाण्याच्या साहेबाला गुन्हेगार करू नका, नाव बदला. कुणाला कुठला विषय नको असेल तोही इथेच टिपून ठेवा, कारण आठव्या महिन्यात तुम्ही ते हमखास विसरलेले असता.

आणि वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा : 'ही खेळाची वही आहे. आतलं सगळं रचलेलं.' माझी एक वही एकदा नाशिक रोडला चहाच्या टपरीवर राहिली. त्या कॅम्पेनमध्ये खेळाडू करन्सी नोट प्रेसमध्ये चोरी करणार होते. पानावर हाताने काढलेली भिंत, पहारेकऱ्यांच्या मी कल्पनेने रचलेल्या पाळ्या आणि खाली 'पळायला सोपं : सिन्नरकडे'. टपरीवाल्याने वही परत दिली, पण देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही.

कच्चा खर्डा

खेळ चालू असताना नीट लिहायला जाऊ नका. मान खाली गेली की टेबल हातातून जातं. एक फुलस्केप कागद आडवा ठेवायचा आणि फक्त चार गोष्टी खरडायच्या : तिथल्या तिथे सुचलेलं नाव, दिलेलं वचन, उच्चारलेला आकडा आणि मारलेली थाप. थापेसमोर मी गोलात 'ल' करते, लबाडीचा. खरं काय ते माझ्या लक्षात राहतं, पण सदूने मास्तरांना नेमकी कुठली थाप मारली ते आठवत नाही, आणि खेळाडूंच्या मात्र ती शब्दशः लक्षात असते.

सेशनचं रेकॉर्डिंग करून बघितलं. साडेतीन तासांचं रेकॉर्डिंग ऐकायला साडेतीन तास लागतात. सोडून दिलं.

रोजकीर्द

त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, खर्ड्यावरून रोजकीर्द उतरवा. दोन दिवस गेले की स्मरणशक्ती गोष्ट सुधारून सांगायला लागते. एका सेशनला एक पान, जास्त नाही. वर दोन तारखा हव्यात, आपली आणि खेळातली. मग नुसत्या घडामोडी, ओळीला एक :

सेशन ११. हजर : चौघे. खेळात : १४ डिसेंबर १९०९, मंगळवार, दुपार ते रात्र.
सदूने पाकीट मास्तरांना दिलं. म्हणाला, 'उघडलेलं नाही.' (ल) — खा. पा. ७, ३
मास्तरांनी पाकीट घरमालकिणीसमोर फोडलं. — ३, १२
कंपॉझिटरने बारा आणे उसने घेतले. — १, १२
रात्री घाटावर कुणीतरी मागावर. चेहरा दिसला नाही. — पेन्सिल

ओळीच्या शेवटचे आकडे हीच काकांची शिकवण. हिशेबाच्या वहीत प्रत्येक नोंदीसमोर 'खा. पा.', म्हणजे खाते पान, लिहितात : ही रक्कम खतावणीत कुठल्या पानावर गेली ते. आमच्याकडे रकमेच्या जागी बातमी असते. सदूचं खातं सातव्या पानावर, मास्तरांचं तिसऱ्या, घरमालकीणबाईंचं बाराव्या. हा आकडा लिहायला दोन सेकंद लागतात आणि शोधायची दहा मिनिटं वाचतात.

इथे साहित्य लिहू नका. 'गोदेच्या पाण्यावर सांज उतरत होती' असली वाक्यं मीही लिहिली आहेत, आणि ती एकदाही उपयोगी पडलेली नाहीत.

खतावणी

प्रत्येक माणसाला एक पान. ठिकाणांना आणि वस्तूंनाही, पण दुसऱ्यांदा येतील तेव्हा. एकदाच दिसलेल्या फुलवालीला खातं उघडलंत तर वही महिन्यात संपेल.

पानाच्या डोक्यावर नावं. नाव नव्हे, नावं, कारण आपल्याकडे माणसाला एक नाव नसतं. माझ्या खेळातल्या एका सावकाराचं नाव दस्तावर विष्णु महादेव, घरात अण्णा आणि बाजारात 'चष्मेवाले'. खेळाडू चार सेशन अण्णा आणि चष्मेवाले हे दोन वेगळे इसम समजून एकाविरुद्ध दुसऱ्याची मदत मागत होते. मला तो डाव फार आवडला, पण तो मी आखलेला नव्हता. माणसाला कोण कशी हाक मारतं ते सगळं लिहा : बायको 'अहो' म्हणेल, भाऊ 'दादा', साहेब आडनावाने.

खेळाच्या आधीच तीसेक नावांची यादी करून ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी. नाहीतर अचानक नाव विचारलं की तोंडातून 'कुलकर्णी'च निघतं. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये पाच कुलकर्णी होते आणि त्यातले दोघे एकमेकांचे मारेकरी.

नावाखाली तीन ओळी : दिसण्यातली एक खूण, बोलण्यातली एक लकब, आणि त्याला आत्ता काय हवं आहे. पूर्ण जन्मकुंडली नको. 'सदू : डाव्या हाताला दोन बोटं कमी. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतो. मुलीच्या लग्नाला तीनशे रुपये हवेत.' एवढ्यावर तो वर्षभर चालला.

त्याखाली पानाचे उभे दोन भाग करा. इथे खरी मेख आहे.

जमा आणि नावे

डाव्या बाजूला 'कळलं', म्हणजे जमा; उजव्या बाजूला 'सांगितलं', म्हणजे नावे. प्रत्येक ओळीत चार गोष्टी : बातमी, तारीख, कुणाकडून किंवा कुणाला, आणि ती खरी की खोटी. नुसत्या तारखेने भागत नसेल तर वेळही. काका म्हणाले, "एकाच्या नावे पडलं की दुसऱ्याच्या जमेला आलंच पाहिजे. हवेतून पैसा येत नाही." बातमीही हवेतून येत नाही. म्हणून प्रत्येक बातमी दोन पानांवर पडते. सदूने मास्तरांना 'पाकीट उघडलेलं नाही' असं सांगितलं : सदूच्या पानावर उजवीकडे १४ डिसेंबर, मास्तरांना, खोटं. मास्तरांच्या पानावर डावीकडे १४ डिसेंबर, सदूकडून, खरं मानलं.

'खरं मानलं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तपासाच्या खेळात चुकीची माहितीही माहितीच असते. माणसं तिच्यावर वागतात. घरमालकीणबाईंना मास्तर पत्रांतून वशिल्याची नोकरी शोधताहेत असं वाटतं. ते चूक आहे, पण त्यावरूनच त्या पुतण्याला मास्तरांच्या मागे लावतात. तिथे चौकशी, तिथून पोलिस. ही साखळी मी आधी रचलेली नव्हती. बाईंच्या डाव्या रकान्यातल्या एका ओळीतून ती निघाली.

यातून मला एक नियम मिळाला आणि तो मी मोडत नाही : कुठलंही पात्र तोंड उघडण्याआधी त्याची जमेची बाजू बघायची. जे जमेला नाही ते त्याला बोलता येत नाही. सातव्या सेशनची फजिती नेमकी इथे अडली असती. सदूच्या जमेला पत्ता नव्हता.

खेळाडूंच्या पात्रांनाही पानं हवीत. चौघे एकाच टेबलावर बसलेले असल्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येतं, पण कंपॉझिटर त्या रात्री घाटावर नव्हताच. 'हे तुझ्या पात्राला ठाऊक नाही' असं सांगायचं तर हातात पान असलेलं बरं. नाहीतर वाद होतो आणि आवाज ज्याचा मोठा तो जिंकतो.

शेवटी तपासाच्या खेळासाठी एक वेगळा तक्ता करा. डावीकडे खेळाडूंना जे निष्कर्ष काढता यायला हवेत ते, आणि प्रत्येकासमोर त्याकडे नेणारे निदान तीन धागे. तीन का? एक धागा खेळाडूंना दिसत नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, मग तिसऱ्यावर काम होतं. सापडलेल्या धाग्याला टिकमार्क, नजरेआड झालेल्याला फुली. एखाद्या निष्कर्षासमोर तीन फुल्या दिसल्या की पुढच्या सेशनला चौथा धागा पेन्सिलीत लिहून काढा. हातातला कुठलाही माणूस तो आणून देऊ शकतो, फक्त त्याच्या जमेला तो आधी पडू द्या.

वेळ, तारीख, चांदणं

खऱ्या जगातल्या खेळाला खरं कॅलेंडर लागतं. खेळ ज्या महिन्यात घडतो त्या महिन्याचा एक मोठा तक्ता भिंतीवर लावा : वार, तिथी, सणवार, बाजारचे दिवस. वार मोजून काढता येतो, चंद्राच्या कला दाखवणारी साधनं नेटवर आहेत. २१ डिसेंबर १९०९ला पौर्णिमा पाच-सहा दिवसांवर होती. म्हणजे त्या रात्री कुणी 'मिट्ट काळोखात निसटला' असं मला म्हणता येत नाही. उलट १४ तारखेला अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणून घाटावर मागावर असलेल्याचा चेहरा दिसला नाही. एका तक्त्याने प्रसंग फुकटात मिळतात ते असे.

वेळेचा सगळ्यात सुंदर घोटाळा आमच्या मास्तरांनी, म्हणजे ते पात्र करणाऱ्या मुलीने, शोधून काढला. १९०६ सालापासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबई शहराने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे प्रमाणवेळेवर. आमच्या खेळातला एक व्यापारी म्हणाला होता, "चार वाजता मी मुंबईत पेढीवर होतो, मग चार वीसची गाडी धरली." वीस मिनिटांत बोरीबंदर, ठीक वाटतं. पण पेढीवरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा रेल्वेच्या घड्याळात चार एकोणचाळीस झाले होते. गाडी सुटून एकोणीस मिनिटं झालेली. मी हे आखलेलं नव्हतं, पण तिने इतक्या आनंदाने टेबलावर हात आपटला की त्या क्षणी तो व्यापारी खोटारडा ठरला. तेव्हापासून माझ्या तक्त्यात 'कुठली वेळ' असा रकाना आहे.

प्रवासाची एक पट्टी वेगळी करून ठेवा. १९०९साठी माझी अशी : शहर ते नाशिक रोड स्टेशन आठ-नऊ किलोमीटर, घोड्यांच्या ट्रामने एक तास धरायचा, चालत दोन, तार काही तासांत, टपाल दिवसांत मोजायचं. तेव्हाच्या व्यापारउदिमाचा, रस्त्यांचा अंदाज यावा म्हणून १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर चाळलं. ते पंचवीसेक वर्षं आधीचं आहे हे लक्षात ठेवून वापरायचं. सार्वजनिक वाचनालय तर १८४०पासूनचं. तिथे एक दुपार घालवली की चार कॅम्पेनचं सामान मिळतं. पैशाचंही टिपून ठेवा : रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. दशमान पैसा आला १ एप्रिल १९५७ला, त्यामुळे १९०९च्या पात्राने 'पन्नास पैसे' म्हटलं की टेबलावर चहाचा दंड.

आजच्या काळातला खेळ अधिक सोपा वाटतो, पण तो जास्त फसवा आहे. मागच्या वर्षी लासलगावच्या एका कांदाचाळीत प्रेत सापडतं असा खेळ घेतला. निवृत्त हवालदाराची भूमिका करणारा खेळाडू पहिल्याच दिवशी म्हणाला, "तीनशेदोन लागणार." खेळातली तारीख ऑगस्ट २०२४ची. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम आता १०३. आम्ही ती चूक मुद्दाम केल्यासारखी फिरवली : निवृत्त माणूस आहे, त्याच्या जिभेवर जुनाच आकडा बसलेला, आणि ठाण्यातली तरुण पीएसआय प्रत्येक वेळी त्याला दुरुस्त करते. तिच्या पानावर बोलण्यातली लकब म्हणून तेच लिहिलं.

मोबाइलच्या काळात बातमी क्षणात पोचते, म्हणून 'कुणाकडून' या रकान्यात फोन, मेसेज, समोरासमोर असा भेद करा. मेसेजचा पुरावा मागे उरतो, बोलण्याचा उरत नाही. आणि पुसला जाणारा पुरावा तारखेसकट लिहा. बऱ्याच दुकानांतलं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग काही दिवसांनी जुन्यावर नवं चढून नाहीसं होतं. आमच्या खेळात पंधरा दिवस धरले, तक्त्यावर पंधराव्या दिवशी लाल फुली केली आणि खेळाडूंना सांगितलं नाही. ते चौदाव्या दिवशी संध्याकाळी पोचले, निव्वळ नशिबाने.

अंतराळातले खेळ मी फारसे घेत नाही, पण त्यांनाही हीच वही चालते. १९७७ सालच्या 'ट्रॅव्हलर'मध्ये एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी घ्यायला आठवडा लागतो आणि बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही. तिथे 'कधी कळलं' हा रकाना नसेल तर खेळ चालणारच नाही.

येणे-देणे

वहीच्या शेवटून उलट्या बाजूने एक यादी सुरू करा. वचनं, उधाऱ्या, धमक्या, विसरलेल्या वस्तू, अर्धवट प्रश्न. डावीकडे खेळाडूंचं येणं, उजवीकडे देणं. कंपॉझिटरचे बारा आणे इथे. फिटलं की खोडायचं, तारीख घालून.

काही देणी आपोआप वाढत जातात : पोलिसांचा संशय, सावकाराचा संयम. त्यांच्यासाठी वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करते. खेळाडूंनी गोंधळ घातला की एक भाग काळा. सहाही भरले की दारावर थाप. ही युक्ती या छंदात सगळीकडे चालते, माझी नाही.

सेशनच्या आधीचा अर्धा तास

सगळी वही वाचू नका. एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या : मागच्या वेळी कुठे थांबलो, आज कोण भेटण्याची शक्यता आहे (फार तर पाच जण, खाते पानासकट), येण्या-देण्यातल्या तीन ओळी, आणि न बोलावता दार ठोठावणारा एक माणूस. एवढंच टेबलावर. वही मांडीवर.

खेळाडूंपैकी एकाला कारकून करा, आळीपाळीने. त्याने पाच मिनिटांत मागचं सांगायचं आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. चुकीचं सांगितलं तरी. त्यांना काय चुकीचं समजलं आहे हे कळण्याची दुसरी संधी नाही, आणि ते बहुतेक वेळा तुमच्या आराखड्यापेक्षा चांगलं असतं. फक्त त्यांच्या पात्रांनी डोळ्यांनी पाहिलेलं निसटत असेल तर तेवढं सांगा.

कागद की ॲप

दोन्ही चालतं. मी रोजकीर्द कागदावर ठेवते आणि खतावणी ऑब्सिडियन नावाच्या टिपणांच्या ॲपमध्ये, कारण नावावर टिचकी मारली की पान उघडतं. गूगल डॉक्समध्येही होतं. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी : एका नावाचं एकच शुद्धलेखन ठरवा आणि यादी समोर ठेवा. 'व्हिक्टोरिया' आणि 'व्हीक्टोरिया', 'मालकीण' आणि 'मालकिण' हे शोधताना यंत्राला वेगळे शब्द वाटतात. 'ऱ्या'मधला तो अर्धा र दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हांनी उमटतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि शोधात सापडत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, आणि देवनागरी व इंग्रजी आकडे मिसळू नका, नाहीतर क्रम बिघडू शकतो. आठवड्यातून एकदा प्रत दुसरीकडे ठेवा. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही; ॲप बदलत राहणं हा टिपणं न लिहिण्याचा प्रतिष्ठित मार्ग आहे.

तेरीज

दर पाच सेशननी एक संध्याकाळ तेरजेला द्या. हिशेबात तेरीज मांडतात ती सगळ्या खात्यांच्या दोन्ही बाजू जुळतात का ते बघायला. इथेही तेच. एकेक पान घ्या, डावीकडची प्रत्येक 'कळलं' नोंद बघा आणि समोरच्या माणसाच्या उजवीकडे 'सांगितलं' आहे का ते तपासा. जुळलं की टिंब. तासाभराचं काम आहे, चहासोबत होतं.

न जुळलेल्या नोंदी तीन तऱ्हेच्या निघतात. काही नुसत्या राहून गेलेल्या, त्या भरा. काही उजवीकडे आहेत पण डावीकडे नाहीत : कुणीतरी सांगितलं आणि ऐकणाऱ्याच्या पानावर आलंच नाही. ती माणसं पुढच्या सेशनला काहीतरी करायला हवीत, त्यांना बातमी मिळून महिना झाला आहे. आणि तिसऱ्या, सगळ्यात मौल्यवान : कळलं आहे, पण कुणीच सांगितलेलं नाही.

विसाव्या सेशनआधीच्या तेरजेत अशी एक निघाली. घरमालकीणबाईंनी अठराव्या सेशनला बोलता बोलता छापखान्याच्या मागच्या दाराचा उल्लेख केला होता. त्यांच्या जमेला ते दार कुठूनच आलेलं नव्हतं. मी नियम मोडला होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ते वाक्य गिळून टाकता आलं असतं.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "फरक किती?"

"एकच नोंद, काका."

"मग खाडाखोड करू नकोस. कुणाच्या तरी नावे पडायची राहिली असेल, शोध. दोन असत्या तर एकीने दुसरीला झाकलं असतं."

मी बाराव्या पानावर त्या ओळीसमोर 'कुणाकडून?' असं पेन्सिलीत लिहिलं, आणि रविवारच्या पोस्टकार्डावर, दार ठोठावणाऱ्याच्या जागी, बाईंच्या त्या पुतण्याचं नाव घातलं.